सातवा प्रश्न

मावशी : थांब, थांब. 'प्रतिकूल भावनिक परिणाम' म्हणजे काय? रडू येणं?

भाची : हो. रडू येणं.

मावशी : मग 'रडू येणं' असं लिही की सरळ! दोन शब्दांत मावतंय, त्याला एवढा घोळ कशाला?

भाची : म्हणूनच तर तुझ्याकडे आलेय. माणसांशी बोलून अभ्यास करायचा तर आधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. त्यांनी माझा अर्ज दोनदा परत पाठवला. म्हणे, संमतीपत्र बाहेरच्या कुणाला तरी वाचून दाखवा, कळतंय का बघा, मगच पाठवा. उद्या शेवटची तारीख. नाही मिळाली मंजुरी तर एकाही बाईशी बोलता येणार नाही मला. वर्ष फुकट.

मावशी : आणि बाहेरची म्हणून मी सापडले. त्या टाचण्या सरकव इकडे. ही पँट संध्याकाळी द्यायचीय, गिऱ्हाईकापेक्षा वीतभर लांब आहे. हं, वाच. हाताला काम असलं म्हणून कान बंद नसतात माझे.

भाची : 'तुम्ही भाग घ्यायलाच हवा असं नाही. नको असेल त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा. कारण विचारलं जाणार नाही.'

मावशी : पुन्हा वाच.

भाची : नाही कळलं?

मावशी : कळलं गं. ऐकायला बरं वाटलं, म्हणून. मला जन्मात कुणी असं विचारलेलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा नाही!

भाची : हळू. काकांना ऐकू जाईल, आतच कापड बेततायत ते.

मावशी : जाऊ दे. त्यांना तरी कुठे विचारलं होतं कुणी! बरं, विषय काय तुझा? तुझी आई फोनवर नुसतं 'बायकांचं काहीतरी आहे' म्हणाली.

भाची : एवढंच? अगं, बाळंतपणात ज्यांचं बाळ गेलं, अशा बायका. खूप वर्षांपूर्वी. त्या वेळी त्यांना कुणी काय सांगितलं, काय लपवलं, ते विचारायचंय. मावशी? टोचली का टाचणी?

मावशी : नाही. वाच तू.

भाची : प्रश्न पाचवा, 'दवाखान्यात तुमच्याशी कोण बोललं?' सहावा, 'घरी आल्यावर लोक काय म्हणाले?' आठवा—

मावशी : सातवा गाळलास.

भाची : तो खोडलाय. समिती म्हणते, फार दुखावणारा आहे, काढून टाका.

मावशी : होता काय पण?

भाची : 'बाळ कसं दिसत होतं?'

(मावशी पँट बाजूला ठेवते. पदरानं डोळे टिपते.)

भाची : अगं, काय झालं? पाणी आणू?

मावशी : मला मुलगी झाली होती. तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. रडलीच नाही ती.

भाची : मला… आई कधी बोलली नाही गं. शप्पथ. माहीत असतं तर हा कागद घेऊन तुझ्या दारात आलेच नसते. राहू दे, बंद करते मी.

मावशी : खबरदार बंद केलंस तर! सगळे हेच करतात. डोळ्यात पाणी दिसलं की विषय बदलतात. बाई रडली तर काय करणार, काय लिहिलंयस तू?

भाची : 'मुलाखत ताबडतोब थांबवली जाईल.'

मावशी : खोड ते. पाणी द्यावं, जवळ बसावं, पुढे बोलायचंय का ते तिलाच विचारावं. तुमची समिती चांगली असेल गं, पण तुम्ही थांबवलंत की तिनं पुन्हा गप्प बसायचं. पस्तीस वर्षं बसले की मी.

भाची : लिहिते तसंच. आणि सातवा?

मावशी : ठेव. अगदी शेवटी ठेव. आधी 'विचारू का' म्हण. नाही म्हणाली तर नाही. पण विचार.

भाची : मग मी तुला… नको. मंजुरीच्या आत कुणालाही प्रश्न विचारायचा नाही, असा नियम आहे.

मावशी : मग अभ्यास ठेव बाजूला आणि भाची म्हणून विचार. मिट तो कागद.

भाची : मिटला. कशी होती गं ती?

मावशी : मला माहीत नाही.

भाची : म्हणजे?

मावशी : शुद्धीवरच नव्हते मी. जाग आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ह्यांनी पाहिलं होतं तिला. मी विचारलं नाही, म्हटलं ह्यांना उगाच त्रास. ते बोलले नाहीत, मला त्रास नको म्हणून. एवढंसं दुकान, समोरासमोर दोन मशिनी, आणि एकमेकांना जपता जपता आयुष्य गेलं बघ.

भाची : मग विचार की आता.

मावशी : वेडी आहेस का? ह्या वयात? … आणि सुरुवात तरी कशी करायची? काय होतं ते तुझ्या कागदावर, कारण विचारणार नाही, ते?

भाची : देऊ कागद?

मावशी : नको. पाठ झालंय. अहो! जरा बाहेर या.

काका : काय गं? चहा झाला?

मावशी : नाही. बसा. तुम्हाला एक विचारायचंय. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मध्येच थांबलात तरी चालेल. मी कारण विचारणार नाही.

काका : हे काय नवीन? पोरी, काय शिकवलंस हिला?

मावशी : आपली मुलगी कशी दिसत होती हो?

भाची : काका, नाही सांगितलंत तरी चालेल.

काका : सांगतो. जरा थांबा. … केस होते. काळेभोर, चांगले दाट. नाक हिचं. आणि कपाळाला माझ्यासारखी आठी, कुणीतरी झोपमोड केल्यासारखी.

मावशी : इतकी वर्षं बोलला नाहीत!

काका : तू विचारशील म्हणून थांबलो होतो. मग वाटलं, विसरली असेल, कशाला खपली काढा.

मावशी : विसरेन होय! ते पिवळं झबलं शिवलं होतं मी तिच्यासाठी. घरी आले तर कपाटात नव्हतं. मला वाटलं, तुम्ही देऊन टाकलंत कुणाला तरी.

काका : देईन कसा? तिलाच घातलं. तू वाढत्या अंगाचं शिवलं होतंस. बाह्या लांब होत होत्या, मी दुमडल्या दोन्ही.