सत्तेचाळिसावा मणी

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेले दादा, तुम्हीसुद्धा — तिथं पाठ टेकली की डोळा लागतो, मागच्या वर्षी बघितलंय मी! आणि लेकरं घेऊन आलेल्या बायांनो, तुम्ही अगदी पुढं. पोर रडलं तर रडू दे. आमच्या पेटीचा सूर तसाही कुठं लागतोय!

आज एका आईची गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, धर्मासाठी सिंहाच्या तोंडी गेलेला रक्तसाक्षी नाही. एक आई, तिची दोन लेकरं, एक म्हातारी सासू, नि पन्नास मणी. बस्स.

पण आधी एक प्रश्न. सांगा बरं — प्रार्थना पुरी कधी होते? शेवटचा मणी बोटांतून सरला की? का त्याच्याही आधी कधीतरी? अं? नुसती मान डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग ऐका.

वसईच्या अंगाला एक वाडी होती, केळी-नारळांची. तिथं बस्त्यावची बायको कार्मेलीन. माहेरी असताना तिचा आवाज असा, की क्रूसापाशी ती जपमाळ सांगायला लागली की रस्त्यावरचा सायकलवाला पाय टेकून उभा राहायचा. तिला जपमाळ शिकवली एमरेन्सियामावशीनं. मावशीचा धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणजे लष्कराची छावणीच! मावशी सांगायची, "पोरी, जपमाळ एका बैठकीत. मध्ये उठलीस, तर ती जपमाळ नव्हेच. परत माळेच्या क्रूसापासून सुरुवात!"

आता मंडळी, मावशीला पोरंबाळं नव्हती. ती उठणार कशाला?

कार्मेलीनचं लग्न झालं. पेद्रू झाला — आता चार वर्षांचा. मग जेसिंता झाली — सात महिन्यांची. पावसाळ्यात जेसिंताच्या छातीत कफ भरला, न्यूमोनिया झाला. सहा दिवस इस्पितळात. सहाव्या दिवशी डॉक्टर नुसता कागद वाचत उभा राहिला. कार्मेलीन बाहेर बाकड्यावर बसली नि म्हणाली, "माये मारिये, हिला माझ्या मांडीवर परत दे. ऑक्टोबर महिन्यात रोज एक अख्खी जपमाळ तुझी. एकही दिवस चुकवणार नाही."

पोर बरी झाली! घरी आली, गुटगुटीत झाली. आणि ऑक्टोबर उजाडला.

पहिल्या दिवशी कार्मेलीन बसली. जपमाळेत पाच रहस्यं, म्हणजे येशू-मारियेचे पाच प्रसंग, एकेकाला दहा मणी. दुसऱ्या रहस्यापर्यंत पोचली — दूध उतू गेलं. उठली. परत क्रूसापासून. पहिल्या रहस्यात पेद्रू ओरडला, "आई, मांजरीनं पिल्लं आणली!" उठली. परत क्रूसापासून. दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. अहो, महिना अर्ध्यावर आला, तरी एक जपमाळ पुरी नाही! एक नाही!

हसता काय बायांनो? तुमच्याच घरातली गोष्ट ना?

पण तिला हसू येत नव्हतं. नवस बोलले नि फेडला नाही. मायेनं दिलेलं माय परत नेईल का? जेसिंता नुसती शिंकली तरी कार्मेलीन धावत जाऊन तिच्या छातीला कान लावायची. बस्त्याव म्हणायचा, "अगे, शिंकली ती. माणसं शिंकतात!" पण नवसाचं तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. सासूलाही नाही. एकटीच जळत होती.

आणि त्या शनिवारी मूर्ती त्यांच्या घरी यायची होती. ऑक्टोबरात वाडीत मारियेची मूर्ती रोज एका घरी जाते. संध्याकाळी सात वाजता मेणबत्त्या घेऊन मिरवणूक निघते. ज्या घरी मूर्ती, त्या घरच्या सुनेनं जपमाळ सांगायची. मग उकडलेले चणे वाटायचे नि मूर्ती दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिथंच राहायची. कार्मेलीननं ठरवलं — माय दारात यायच्या आत एक तरी जपमाळ अख्खी! नाहीतर कुठल्या तोंडानं तिच्यापुढं बसू?

चार वाजता बसली. शनिवार, म्हणजे आनंदाची रहस्यं, येशूच्या जन्माची नि बाळपणाची. पहिलं रहस्य झालं. दुसरं चालू झालं. तेवढ्यात पेद्रू समोर येऊन उभा. डोळे मोठ्ठे.

"आई, चणा आत गेला."

"कुठं आत?"

"नाकात."

घ्या! भिजवलेला चणा, मंडळी, सुजलेला! कार्मेलीन उठली. दुसरी नाकपुडी दाबली, "फुंक! जोरात फुंक!" — आणि तो चणा सुटला तो थेट मारियेसाठी मांडलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर! पेद्रू खूश. "परत करू?"

परत क्रूसापासून.

साडेपाचला तिनं मनाशी पक्कं केलं. बस्त्याव शेजारून बाकं आणायला गेलेला. पेद्रूही त्याच्या मागं. सासू ओट्यावर मोगऱ्याची माळ ओवत बसलेली, कानानं जरा मंद. जेसिंता बाहेरच्या खोलीत झोळीत झोपलेली. कार्मेलीन आतल्या खोलीत गेली, दार लावलं, नि स्वतःशीच बोलली, "आता काही होवो. उठणार नाही."

पहिलं रहस्य. दुसरं. तिसरं, येशूचा जन्म. चौथं. आणि जेसिंता उठली! आधी कुरकुर. मग रडणं. मग टाहो! कार्मेलीननं डोळे घट्ट मिटले. नमो मरिये, नमो मरिये... छातीत दूध दाटून आलं, चोळी भिजली, तरी उठली नाही. रड बाय, थोडं रड. तुझ्यासाठीच चाललंय हे. तुझ्यासाठीच!

पाचवं रहस्य लागलं. एक्केचाळीस. बेचाळीस. बाहेर पोर रडतेय. पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळिसावा मणी बोटांतून सरला — आणि रडणं थांबलं.

एकदम थांबलं.

बायांनो, तुम्हांला मी काय सांगू? पोर झोपी जाताना रडणं हळूहळू उतरतं, हुंदके देत देत. असं कापल्यासारखं नाही थांबत.

तीन मणी राहिले होते. तीन! एवढे दिवस ती जिथं पोचली नव्हती तिथं पोचली होती. अर्धं मिनिट लागलं असतं. थांबली का ती?

जपमाळ टाकली जमिनीवर, दाराला धडकली, खांदा खरचटला — बाहेर! जेसिंता झोळीत पालथी झालेली, झोळीचं कापड नाकातोंडावर ताणून बसलेलं. चेहरा निळसर. कार्मेलीननं तिला ओढून काढली, पालथी धरली, पाठीवर थोपटलं. एकदा. दोनदा. पोरीनं श्वास घेतला — खोल, घरघरत — आणि जी किंचाळली म्हणता! ऐकू न येणारी सासूसुद्धा ओट्यावरून उठून आली!

"रड बाय," कार्मेलीन म्हणत होती, "रड, पाहिजे तेवढी रड!" आणि स्वतःच रडत होती.

चुलीपाशी उभी । पाळणा हालवी ।
नाम ओठी ठेवी । माय माझी ॥

सात वाजले. मेणबत्त्या अंगणात आल्या, मूर्ती आली, तिला मोगरा घातला, वाडी दाटीवाटीनं बसली. सगळे वाट बघतायत. कार्मेलीन कोपऱ्यात, जेसिंताला छातीशी धरून. उठतच नाही!

शेजारची रेमेत म्हणाली, "काय गे, आवाजाची राणी आज रुसली वाटतं?"

"मी नाही सांगणार," कार्मेलीन म्हणाली. "दुसऱ्या कुणीतरी सांगा. माझा हक्क नाही."

बस्त्याव तिच्याजवळ वाकला. "अगे, लोकं बसलीत. काय झालं?"

आणि मग तिनं सांगितलं. भरल्या घरात, वाडीसमोर, मूर्तीसमोर. इस्पितळातलं बाकडं सांगितलं, मावशीचा नियम सांगितला, बंद दार सांगितलं. "आज तीन मणी राहिले नि मी माळ फेकली. फेकली मी ती! आता माय मला काय म्हणेल?"

रेमेतनंसुद्धा मान खाली घातली. तेव्हा म्हातारी सासू हळूच सुनेपाशी येऊन बसली.

"कुठल्या रहस्यात उठलीस?"

"पाचव्या, आय."

"पाचवं कुठलं गे? मला सांग. मी अडाणी."

"येशू हरवला नि तीन दिवसांनी देवळात सापडला, ते."

"मग मारिया काय करत होती? बसून मणी मोजत होती?"

मंडळी, कार्मेलीननं मान वर केली!

"येरुशलेमेच्या सणावरून घरी निघालेली ती बाई, वाट सोडून लेकराच्या मागं उलट्या पावली धावली," सासू म्हणाली. "तू धावलीस तर तिला समजणार नाही होय? सहा पोरं वाढवली मी. एक रहस्य विहिरीवर म्हणायची, दुसरं चुलीपाशी, तिसरं कुणाचं तरी ढुंगण धुताना. जिथं राहिलं तिथनं पुढं. दिवस मावळेतोवर पाच भरायची. तुझी मावशी भली बाई, देव तिचं भलं करो — पण तिनं कधी झोळी नाही हालवली." मग ती लोकांकडं वळली. "वाडीची जपमाळ जरा थांबू दे. माझ्या सुनेचे तीन मणी राहिलेत. तेवढे आधी."

आणि वाडी थांबली, बरं का! मेणबत्त्या हातात, डोळे कार्मेलीनकडं.

कार्मेलीननं जेसिंताला मांडीवर घेतलं. बस्त्यावनं जपमाळ आणून तिच्या हातात दिली. तिनं सत्तेचाळिसावा मणी चाचपला नि त्याच्या पुढचा धरला. म्हणायला लागली. अठ्ठेचाळीस सरला. एकोणपन्नासावा अर्ध्यावर आला, नि —

"आई! शू!"

पेद्रू! दोन्ही हात पुढं दाबून, एका पायावर नाचतोय!

सगळं घर फुटलं हसून! आणि त्या घरात सगळ्यांत मोठ्यानं हसली कोण? कार्मेलीन! पोर आजारी पडल्यापासून पहिल्यांदा बस्त्यावनं तिचं ते हसणं ऐकलं. ती उठली, जेसिंता सासूच्या मांडीवर टाकली, पोराला घेऊन अंगणात गेली. घाई नाही, धडधड नाही. पेद्रू निवांत धार सोडतोय नि ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी, वर आभाळाकडं बघत. आत शंभर माणसं नि देवाची आई तिची वाट बघत बसलेली! मनातली ती भीती शोधली तिनं — कुठंच नव्हती.

आत आली. हात पुसले. बसली.

"कुठं होते मी?"

"एकोणपन्नास," सगळी वाडी एका सुरात म्हणाली.

मंडळी, टाळ खाली ठेवा जरा. पेटी बंद करा. आता गोष्ट नाही, आता तुम्ही. तुम्ही इथं आलात, स्वच्छ कपडे घालून, मन लावून ऐकलंत, फार बरं वाटलं. पण सांगा — तुम्हांला इथं येता यावं म्हणून तुमच्या घरी आत्ता कोण मागं राहिलंय? "तुम्ही जा, मी पोरांपाशी थांबते," असं कोण म्हणालं? ती आत्ता भांडी घासत असेल. आजारी सासऱ्याला पेज भरवत असेल. कुणाला तरी थोपटता थोपटता तिची बोटं आपोआप मोजत असतील. आपण समजतो, आपण देवापाशी आलो नि ती घरी राहिली!

घरी गेलात की तिला माझं कीर्तन सांगत बसू नका. तिच्या हातातलं पोर आधी आपल्या हातात घ्या. आणि आत्ता डोळे मिटा. मी कुणाचं नाव घेत नाही, कारण माझ्या घरी जी थांबलीय तिचं नाव मला ठाऊक आहे, नि तुमच्या घरातलीचं तुम्हांला. ते नाव मनात घ्या, नि घटकाभर तिची आठवण करा.