भंडारा उचला म्हणले

माझं माहेर दौंडाकडचं, भीमेच्या काठचं. बाप वांगी-भेंडी करायचा आन् आम्ही भणी डोक्यावर पाट्या घिऊन बाजाराला. लगीन होऊन इकडं शिरूरच्या अंगाला आले, तवापासून वीस गुंठ्यांत झेंडू आन् शेवंती. गावाचं नाव नका लिहू ताई, कवठे येमाईच्या अलीकडलं म्हणा, म्हंजी झालं.

मेंबर मी काय हौसंनं न्हाई झाले. ग्रामपंचायतीला बाईची जागा आली, तवा गावचं पुढारी दादासाहेब घरी आलं, म्हणले मावशी, तुम्ही गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तुम्हीच उभ्या ऱ्हावा. माझा संतोष त्यांच्याच कंत्राटात, कंपनीत हेल्पर, मग न्हाई तरी कसं म्हणावं? तीन वरीस निस्त्या सह्या केल्या. काय सांगू तुम्हाला, कागद कशाचा हाय ते बी इचारलं न्हाई.

मग गायरानाचा ठराव आला. दादासाहेबांच्या मेव्हण्याला तिथं गोडाऊन बांधायचं व्हतं. आन् गावात ज्यांच्याकडं शेरडं हायती पण रान न्हाई, त्या पंचवीस-तीस घरांची शेरडं सगळी त्याच गायरानावर. ती जाणार कुठं? मेंबर सात, तीन इकडं, तीन तिकडं, मधी मी.

मीटिंगच्या दिवशी सकाळीच दादासाहेबांची जीप दारात. म्हणले, मावशी, मालकास्नी बी घ्या, येमाईच्या दर्शनाला जाऊ. दर्शनाला न्हेत्यात म्हंजी भंडारा उचलायला लावत्यात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला बी ठावं. देवीम्होरं हळद हातात घिऊन शब्द दिला की माणूस मरंल पण फिरणार न्हाई.

गाभाऱ्याम्होरं उभं केलं. मागं त्यांची चार माणसं, ताटात भंडारा. म्हणले उचला मावशी, म्हणा गोडाऊनच्या बाजूनं हात वर करीन. आमचं मालक कानाशी, अगं उचल, पोराच्या पोटावर पाय देऊ नगंस. म्या देवीकडं बघितलं, म्हणलं आई, आता तूच सांग, तर ती काय बोलती व्हय, निस्ती बघत ऱ्हायली. आन् बघता बघता मला राग आला, दादासाहेबांचा न्हाई, माझाच. दर मंगळवारी हिला हार वाहती, आन् भ्याले कुणाला, तर जीपवाल्याला?

ताटात हात घातला. दादासाहेब जरा सैल पडलं. म्या मूठभर भंडारा उचलला आन् त्यांच्याच कपाळाला लावला, पार नाकापोतर आला. म्हणलं दादासाहेब, तुम्ही बी देवीम्होरंच हायसा, आधी तुम्ही बोला, गायरान गावाचं का मेव्हण्याचं? पुसावं तर देवीचा भंडारा, बोलावं तर देवीम्होरं खोटं. शेवटी दादासाहेबच माघारी वळलं, म्हणले, चला.

दुपारी मीटिंग. ग्रामसेवक म्हणला ठरावाच्या बाजूनं हात वर करा. तीन हात वर. दादासाहेब खिडकीशी, नजर माझ्यावर. ताई, खरं सांगती, म्या माझा हात मांडीखाली दाबून धरला व्हता, भ्यावानं तो आपलाआपण वर गेला असता. मग विरोधात कोण म्हणला, तवा काढून वर केला. ठराव पडला.

आठ दिवसांत संतोषला सुपरवायझर म्हणला, कल से मत आना. पोरगं सहा महिनं माझ्याशी बोललं न्हाई. ताट सरकवलं की मान खाली घालून जेवायचं. एकदाच म्हणला, आई, तुझ्या देवीला इचार, माझं काय चुकलं व्हतं. आता रोजानं टेम्पोवर जातो, बोलतो बी, पण कामापुरतं.

लोक म्हणत्यात देवीनं मावशीला बळ दिलं. बळ कुठलं ओ, अजून जीपचा आवाज आला की दाराआड व्हती. पण हात कुणाला जोडायचं, ह्यात आता गल्लत व्हत न्हाई. सकाळी देव्हाऱ्यात दिवा लावला की सगळ्यांची नावं घेती, सगळ्यांचं भलं कर म्हणती, दादासाहेबांचं बी. तिथं जीभ अडखळती, पण घेती. संतोषचं नाव सगळ्यात शेवटी. त्याच्यापाशी आले की म्होरं काय मागावं सुचत न्हाई, निस्तं नाव घिऊन उभी ऱ्हाती.