हळदीची कॅसेट

— न्हाई न्हाई, सीडी नको मला, आन् दुसरी कॅसेटबी नको, हीच जोडा. दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात तुटली — टेपनं खाल्ली हो, दुसरं काय! मशीनच तसलं. तुमी स्क्रू खोला, शिवप्रसादभाऊ, मी बसतो हितंच स्टुलावर. एवढ्या वसमतीत टेप दुरुस्त करणारे तुमीच एक हायेत जे जुनी कॅसेट पाहून गिऱ्हाइकाला हाकलत न्हाईत. कव्हर पाहून हसून राहिले व्हय? हसा, समदेच हसतेत. हळदीचं पान, आन् वर मोठ्या अक्षरात 'हळद' — आता सांगा, हट्टा गावाला हळद पिकवणाऱ्या माणसानं ह्याला काय समजावं?

तीन सालं झाली. हितंच शेतीचं प्रदर्शन भरलं व्हतं. फवारणीच्या पंपाशेजारी एक टेबल, तिथं औरंगाबादची तीन पोरं आन् एक पोरगी कॅसेटी मांडून बसलेली. मी इचारलं, "बाई, हळदीवरच हाय का?" ती म्हणली, "हो काका, पूर्ण हळदीवर." त्या साली माह्या रानात करपा पडलेला, पानं जळून चाललेली — मी म्हणलं, कुण्या सायबानं औषधपाण्याची माहिती बोलून ठेवली असंल, घ्या. घरी येऊन वही-पेन घेऊन टेपसमोर बसलो. वही-पेन, भाऊ! चालू केलं तर आधी कढईत हळद रटरटल्याचा आवाज. म्हणलं, बराबर हाय, शिजवण्यापासून सांगून राहिले. मग गिटार. मग हलगी. मग ती पोरगी गाऊ लागली — गाणं म्हणावं का गाऱ्हाणं, काही उमजंना. मधीच खोकली, तर खोकलाबी तसाच ठेवलाय. कंपनीबिंपनी काही न्हाई, घरातच बसून भरलेली. मी म्हणलं, औषधाचं पुढं येईल. एक बाजू सरली, दुसरी सरली, मी परत पहिली लावली — काहून म्हणजे? डुलकीत सुटलं असंल ना औषधाचं नाव! तिसऱ्या बारीला आमची मंडळी, चंद्रभागा, उंबऱ्यात येऊन म्हणली, "अहो, ह्याच्यात करपा न्हाई." तवर वहीत एकच ओळ लिहिली व्हती मी. औषधाची न्हाई, गाण्याची.

मग काय, लागलं याड! हलगीचं आन् गिटारीचं पटतं का कधी? न्हाई पटत, भांडतेत दोघं — पण ते भांडण ऐकतच बसावं वाटतं. लोक म्हणतेत, भुजंगराव, हे काय लावलं, पिच्चरची गाणी लावा. मी म्हणतो, तुमच्या पिच्चरात कुणी खोकतं का? मला लई आवडती ही कॅसेट, सरळ सांगतो. आन् तिलाबी आवडली. पंचवीस वर्सं संसार झाला, भाऊ, दोघांला मिळून आवडलेली ही पहिलीच चीज. सांजची भाकर झाली की ती म्हणायची, "लावा." एवढंच. मी लावायचो.

काय म्हणता? टेपनं खाल्ली तर फितीला चुण्या पडतेत, अशी तटकन तुटत न्हाई? लई बारीक नजर हाय तुमची. बरं — मीच वढली. आठ दिस झाले. आमच्या रागिणीला पाहायला सेनगावचे पाव्हणे आलते. चांगलं घर, पोरगं मास्तर. मी हौसेनं हीच लावली. तिसरं गाणं आलं, आन् चुलीपासून चंद्रभागा टेपच्याबी वर आवाज काढून म्हणाया लागली — "हात पिवळे केले माझे, विचारलं का कुणी मला?" पाव्हण्यांचे कप हातातच राहिले! मला वाटलं, आता सेनगावापस्तोर बभ्रा व्हणार की भुजंगरावाची बायको पंचवीस वर्सं रडून राहिली. उठलो, चालू टेपातून कॅसेट उपसली, आन् तिच्यावर वरडलो — काय वरडलो ते जाऊ द्या. तवापासून बोलत न्हाई माह्याशी. जेवाया वाढते, पण सांगते म्हशीला — "ताट केलंय म्हणावं." गोठ्यात जाऊन, भाऊ! आन् म्हैस माह्याकडं पाहती.

पाव्हण्यांचं? त्यांचा होकार आला की, त्यांचं काही अडलं न्हाई. तारीख काढून राहिलो. रागिणी काय म्हणती? आता रागिणी काय — लेकरू हाय, ती काय म्हणंल. तुमी फीत जोडा ना.

झाली? लावा, ऐकू. ...हां. हीच. ही गिटार, ही हलगी — आन् हे काय, एकदम पुढंच गेलं? वढल्यानं वीतभर फीत ताणली व्हती, कापावीच लागली? मंग तीच ओळ गेली. हात पिवळे — तीच. न्हाई, तुमची काय चूक. ती ओळ चंद्रभागाला पाठ हाय, तेवढ्या जागी ती म्हणंल. तोंड उघडलं तर. मी तर ठरवून आलतो, कॅसेट नीट करून तिच्या हातात दिली की मिटलं. मला वाटलं, ती माह्याबद्दल म्हणून राहिली. पण पंचवीस वर्सांत न्हाई म्हणली ते त्याच दिशी काहून म्हणंल? तिच्या बाजूला रागिणी बसली व्हती, साडी नेसून, मान खाली घालून. तिला कुणी —

बंद करा ते. बंद करा म्हणलं ना. द्या इकडं कॅसेट, मला जीप धरायचीय. पोरीला इचारायचं राहिलंय माह्याकडून. सरका.