शेवट न बघता बंद केलेला सिनेमा

आमचं मूळ गाव चितेगावच्या पुढं, आडबाजूला. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वडील शहरात छावणीत राहायला आले, आणि मी वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उभं राहून नोकरी काढली. आमच्या घरात गंडा नाय, ताईत नाय, भुताची गोष्टसुद्धा नाय. आजी म्हणायची, त्या अंधारातून आपण निघालो, आता मागं वळून डोकवायचं नाय. ते माझ्या हाडात बसलं. तिचा दोष नाय त्यात, ती तिच्या भोगलेल्यातून बोलायची; मी मात्र न भोगताच कडक झालो.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मी पंच होतो, कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आणि मुलांची रविवारची शब्बाथ शाळाही माझ्याकडंच. मुलं रविवारी यायला कंटाळायची, म्हणून आम्ही हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून कार्टूनचे सिनेमे दाखवायला लागलो, हिंदीत बोलणारे, घरच्या सगळ्यांनी बसून बघावेत असे. आता कार्टून म्हटलं की जादू आली, चेटकीण आली. तर मी काय करायचो, प्रोजेक्टरजवळ उभा राहायचो आणि तसलं काही आलं की भिंगापुढं गीतपुस्तक आडवं धरायचो. पडदा काळा, आवाज चालूच. मुलं ओरडायची, काका, पुस्तक काढा ना, लई जाड आहे तुमचं पुस्तक! एक पोरगी म्हणाली, काका, दिसत नाय तेव्हाच जास्त भीती वाटते. सगळे हसले, मीही हसलो. तिचं ऐकायला पाहिजे होतं.

माझी मुलगी तिथंच शिकवायची. एकुलती एक. कॉलेज करत होती, चित्राचा हात असा की बायबलातल्या योनाला गिळणारा मासा काढला तर मुलं कागदाला हात लावून बघायची ओला आहे का. सिनेमे तीच निवडून आणायची, घरी आधी बघून. नाताळच्या आठवड्यात तिनं एक आणला. एक पोरगा बापाशी भांडतो, चेटकिणीकडं जातो, म्हणतो, मला पक्षी कर, मला या घरात राहायचं नाय. चेटकीण त्याचा कावळा करते. चांगला मोठा प्रसंग होता, धूर, मंत्र, सगळं. मी पुस्तक धरलं, प्रसंग संपंना, पालकही मागं बसलेले, माझं डोकं फिरलं आणि मी वायरच उपसली. दिवे लावले आणि म्हणालो, नाताळात प्रभूच्या घरी हे? मुलगी पुढं आली, हळू म्हणाली, पप्पा, शेवट बघा ना, शेवटासाठीच आणलाय. मी सगळ्यांदेखत म्हणालो, सैतानाचा शेवट मला माहीत आहे. मुलं कावळा झालेला पोरगा डोक्यात घेऊन घरी गेली. काही रडत गेली.

त्यानंतर ती म्हणाली, मला पुण्याला जायचंय, हेच शिकायला, कार्टून करायला. मी म्हणालो, मूर्त्या घडवणं आणि हे एकच. ती म्हणाली, मग योनाचा मासा काढला तेव्हा कौतुक कसं केलंत? मी आवाज चढवला, बाप माणसाला तेवढंच येतं. शेवटी मार्थानं, माझ्या बायकोनं, तिचं सामान बांधलं, तिच्यासोबत स्टँडवर गेली, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बसमध्ये बसवून आली. हे मला मार्थानंच त्या दिवशी सांगितलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. तुम्ही लिहून घेताय तर हे नीट लिहा. मला माहीत होतं.

आणि तरी रविवारी मी उपासनेत उभा राहिलो. आमच्यात अशी रीत आहे, कुणी आजारी असलं, अडचणीत असलं की नाव घेऊन विनंती करायची, मग सगळी मंडळी त्या नावानं प्रार्थना करते. मी मुलीचं नाव घेतलं. म्हणालो, माझी लेक सिनेमाच्या नादानं विश्वास सोडून घरातून निघून गेली, तिच्यासाठी विनंती. सगळ्यांनी डोळे मिटले. मार्था शेजारी बसली होती, तिनं मिटले नाय. माझ्याकडं बघत राहिली.

दर रविवारी मी ते नाव घेत राहिलो. आणि काय सांगू तुम्हाला, प्रार्थनेतलं नाव बाहेर चर्चच्या पायऱ्यांवर गेलं की त्याचं काय काय होतं. कुणी म्हणालं पोरासोबत पळाली, कुणी म्हणालं धर्म सोडला. जालन्याचं स्थळ आलं होतं, त्यांनी इथं चौकशी केली आणि परत फिरकले नाय. ती तिकडं दर रविवारी चर्चला जात होती, तिथल्या मुलांना शिकवत होती. फोनवर आईला सांगायची, मी शेजारच्या खोलीत ऐकायचो. मी एकदाही उभा राहून म्हणालो नाय की बाबांनो, ते खोटं होतं. उलट शब्बाथ शाळेत मुलांना सांगायचो, माझ्या मुलीचं काय झालं बघा.

मार्था वारली तेव्हा मुलगी आली. दफनभूमीत बाया तिच्यापासून सरकून उभ्या राहिल्या. आईच्या पेटीवर माती टाकताना तिच्याजवळ कुणी नव्हतं. मीसुद्धा प्रार्थना म्हणणाऱ्या पाळकांच्या बाजूला उभा होतो, पंच ना मी.

यंदा तो कावळ्याचा सिनेमा मोबाईलवर सापडला. शेवटपर्यंत बघितला. तो बाप रोज भिंतीवर भाकर ठेवतो, आलेल्या प्रत्येक कावळ्याला मुलाच्या नावानं हाक मारतो, गाव हसतं, तो डोंगर चढून चेटकिणीच्या दारात जाऊन बसतो, म्हणतो, त्याला सोड, मला कावळा कर. घर सोडून गेलेल्या पोराची बाप वाट बघतो, तो उधळ्या पुत्राचा दाखला मी किती वेळा शिकवला असंल! माझ्या मुलीनं तोच आणला होता मुलांसाठी. अजूनही म्हणतो, सगळंच मुलांना दाखवू नये. असल्या सिनेमांत एकच शिकवण असते, मन म्हणंल तसं कर. पण मी दुसरं काय केलं? मनाला आलं तसंच केलं आणि त्याला शास्त्र म्हणालो.

आताच्या पाळकसाहेबांकडं गेलो, म्हणालो, रविवारी दोन मिनिटं द्या, मला मुलीचं खरं सांगायचंय. चांगला तरुण माणूस आहे. म्हणाला, भाऊ, जुनं झालं, अर्ध्या मंडळीला तर माहीतही नाय, कशाला उकरता? मागं हॉलमध्ये मुलं मोठ्या टीव्हीवर कार्टून बघत होती, चक्क चेटकीणच होती त्यात, आणि पोरं चिवडा खात होती. कुणाला काही वाटत नव्हतं. ज्यासाठी मी लेक घालवली ते आता कुणाच्या लक्षातही नाय.

म्हणून तुम्हाला बसवून लिहून घेतोय. मंडळीच्या पत्रिकेत छापायला देणार आहे, नाय छापलं तर दारात उभा राहून वाटीन. काल तिला फोन केला, म्हणालो, सगळं खरं लिहून घेतोय, तुझं नाव घालून. ती म्हणाली, पप्पा, लिहा. पण नाव नका घालू. तुम्ही माझं नाव लई वेळा घेतलंय. मग विचारलं, गोळी घेतली का, आणि ठेवला.

तर नाव लिहू नका. मुलगी एवढंच ठेवा. प्रार्थना अजून करतो तिच्यासाठी, पण ओठ हलवत नाय आता. प्रभूनं तिचं भलं करावं, पण मी तोंडानं मागितलं म्हणून नव्हे.