आठ खोल्या, थंड स्टोव्ह

हॅलो?… हॅलो, कोण पाहिजे तुम्हाला? कुठली खोली?…

अगं, रश्मी होय! मला वाटलं, पुन्हा भाडेकरूंपैकी कुणाचा तरी. सकाळपासून घंटा वाजतेच आहे. एक बीडहून सिंधूबाईंसाठी, एक बिहारमधून कोपऱ्यातल्या पोरांसाठी… नाही, हाका मीच मारते. पण आईसारखं जमत नाही बाई. ती इथं पलंगावर बसून हाक मारायची आणि टोकाच्या खोलीतलं माणूस चप्पल न घालता पळत यायचं. मला उठून ओट्यावर जावं लागतं. तरी निम्म्यांना ऐकू जात नाही.

हो, झाला चहा… स्टँडवर जाऊन घेतला… अगं, आहे सगळं इथं. गॅस आहे, चहापूड आहे. असू दे. तू बोल, एवढ्या सकाळी फोन?…

कोण म्हणालं? साहेबरावमामा?… मामाला दौंडात बसून शिरूरचं सगळं बरं कळतं!

हो… हो. तेवढं खरं आहे. सोमवारी आईच्या अर्जावर पाहणी झाली. आपण दोघी तुझ्याकडेच होतो की, आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची भांडी आवरत. इकडे नगरपालिकेचा शिपाई आणि नगररचनेचे साहेब येऊन गेले… नाही, फेटाळलं नाही अजून. शेरा मारलाय.

लिहिलंय ना मी. थांब, वाचते. चष्मा… हां. ‘आठही खोल्यांत स्वयंपाकाचा वापर आढळून आला नाही. स्टोव्ह घासून फळीवर ठेवलेले. खोल्या केवळ झोपण्यापुरत्या वापरात असाव्यात.’… म्हणजे असं, की ही राहती घरं नाहीतच, लॉज आहे. आणि परवानगी मिळणार ती राहत्या घरांना. जुन्या खोल्यांना स्वयंपाकाचा ओटा, संडास, न्हाणी जोडून त्याच लोकांना परवडतील अशी घरं करायची, तर आधी तिथं कुणी घर करून राहत असलं पाहिजे. साहेब म्हणाले, स्वतंत्र चूल नाही, तर स्वतंत्र घर कसं म्हणू?

मी गेले होते ना काल नगरपालिकेत… नाही गं, माणूस वाईट नाही. तरुण आहे. मला खुर्ची दिली. म्हणाला, मॅडम, मी प्रत्येक स्टोव्हला हात लावून बघितला. सगळे थंड. तुमच्या आईच्या शेगडीवर पातेलं होतं, तेही कोरडं. मी डोळ्यांनी बघितलं तेच लिहिणार ना?… बरोबरच आहे त्याचं. मी काय बोलणार? मलाच माहीत नव्हतं, स्टोव्ह थंड का होते ते.

आज दुपारी पुन्हा येतोय. पुण्याला परत जायच्या आधी एकदा बघून घेतो म्हणाला. आज स्वयंपाक दिसला नाही, तर विषय संपला… आणि दोन्ही वारस समोर पाहिजेत. त्यासाठीच तुला फोन करणार होते. तुझी सही लागेल.

काय?… कोण राहत नाहीत?…

रश्मी, ऐक ना. ऐक… अगं, मला एक वाक्य तर पुरं करू दे!

मामा म्हणतो, म्हणून लगेच? भाडेकरूंनी खोल्या अडवून ठेवल्यात, मागच्या मागे दुसऱ्यांना दिल्यात, हे मामानं कधी येऊन बघितलं? आई आजारी पडली तेव्हा तरी आला होता का तो इथं? आणि ते गाळे काढणारे शेठ मामानंच आणले होते ना? खोल्या पाडायच्या, रस्त्याला शटर लावायची… बरं, नाही काढत तो विषय. पण तूही ‘ते लोक’ म्हणू नकोस. तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी वळले होते? अमीरबीमावशीनंच ना?

हो, आहेत. सगळे इथंच राहतात. मी मंगळवारपासून बघतेय. सकाळी नळाला रांग असते, कोपऱ्यातली पोरं कंपनीच्या बसला पळतात, संध्याकाळी अंगणात चटया पडतात…

नाही. स्टोव्ह नाही पेटत. ते पण बघितलं… म्हणजे मंगळवारी लक्ष नव्हतं माझं. काल साहेबांनी सांगितल्यावर लक्ष गेलं. रात्री सगळ्या बायांना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, उद्या सकाळपासून प्रत्येकीनं आपापल्या खोलीत स्वयंपाक करा, साहेब येणार आहेत, तुमच्याच घरांचा प्रश्न आहे. सगळ्या हो म्हणाल्या. माना डोलावल्या.

आणि आज उठून बघते तर काय? एकही स्टोव्ह नाही. सगळ्या आपल्या अंगणात बसून तांदूळ निवडतायत!… हो, मग? चिडले मी. मास्तरणीसारखी बोलले… अगं, आईनं वर्षभर हेलपाटे घातले त्या ऑफिसात, गुडघे धरून जिने चढली, आणि तुम्हाला एक काडी ओढवत नाही?… असंच म्हणाले. हेच शब्द.

मग अमीरबीमावशी उठली. म्हणाली, ‘गौतमे, घरात माणूस गेलं तर चूल पेटवायची असती का?’

… हां. मलाही असंच वाटलं. कुणाच्या घरात? म्हटलं मावशी, कोण गेलं तुमच्याकडे? मला कुणी सांगितलंच नाही.

… नाही, बोल तू. नाही, मी ऐकतेय.

हो. आईच.

आपण पाळत नाही, ते सांगितलं की मी. म्हटलं, आमच्यात सुतक नाही, आईनं बाबांच्या वेळीही पाळलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. तर म्हणाली, ‘तुमी न्हाई पाळत, म्हाईत हाय मला. आमी पाळतो. तिला इचारून थोडीच पाळायचं असतं?’… हसू नकोस. मलाही तेव्हा हसू आलं, आणि मग नाही आलं.

अगं, सगळ्यांचंच. सिंधूबाईंच्यात तसंच आहे, मावशीच्यात तसंच आहे, बिहारची पोरं म्हणाली, हमारे यहाँ भी. माणूस गेलेल्या घरानं चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण आणून द्यायचं. आता हे सगळेच घरचे झाल्यावर शेजारी कुठून आणायचे? समोरच्या आळीतून पहिल्या दिवशी कुणीतरी पिठलं-भाकरी आणली. मग रोजच येत राहिली. मलाही त्यातलीच वाढत होते, रश्मी. मी जेवत होते आणि मला वाटत होतं, काय नीटनेटक्या आहेत या बाया, लवकर आवरतात.

तेच तर! साहेबानं विचारलं, तुम्ही इथं स्वयंपाक करत नाही? सिंधूबाई म्हणाल्या, न्हाई. जेवता कुठं? म्हणाल्या, भायरून येतं. त्यानं तेच लिहिलं… मी पण विचारलं ना, का नाही सांगितलं त्याला? तर म्हणतात, ‘परक्या माणसाला घरातलं कशाला सांगायचं? आन् खोटं बोललो का आमी?’

हॅलो?… आहेस ना?…

मला वाटलं कट झाला.

… नाही, त्यांना आपण बोलवायला हवं होतं दौंडला. ते आहेच. सगळं तिकडेच झालं, दवाखाना तिकडे, भीमेकाठचा अंत्यविधी तिकडे. यांना दर्शनसुद्धा नाही. तुझ्या सतीशरावांनी दवाखान्यातून फोन केला होता ना, तो मावशीनं उचलला. आईच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच असायची. सांगत होती, फोन ठेवला आणि हाक मारायला ओट्यावर गेले, तर कुणाच्या नावानं हाक मारायची तेच कळेना. फोन आला की कुणा एकाचा असतो. हा सगळ्यांचाच होता… मग काय, तशीच उभी राहिली म्हणे. तिला तशी बघूनच सगळे बाहेर आले.

हं…

हं. घे, पाणी पी. मी आहे.

… एक मिनिट हं, रश्मी. अहो, या ना आत सगळ्या! दारात का उभ्या? बसा पलंगावर. रश्मी आहे फोनवर, दौंडहून… हो, सांगते… सिंधूबाई तुझ्या मुलीची चौकशी करतायत, खोकला गेला का म्हणून… गेला म्हणतेय!

कशाला म्हणजे? काडेपेटी घेऊन आल्यात. तेच सांगत होते तुला. मी म्हटलं, बरं, कळलं मला, चुकलं माझं. पण आता साहेब येणार, आता तरी पेटवा. तर म्हणाल्या, घरचं माणूस येऊन तिची शेगडी पेटवेल, मग आम्ही पेटवू. त्याच्या आधी नाही… माहीत आहे गं, मी मंगळवारीच आले. त्यांनाही माहीत आहे. वाट बघत होत्या. बोलल्या नाहीत एका शब्दानं. मी सकाळ-संध्याकाळ स्टँडवर चहाला जातेय आणि या सगळ्या माझ्याकडे बघतायत.

… का नाही म्हणजे? नाही पेटवली. एकटीसाठी काय पेटवायची…

… रश्मी, आई दवाखान्यात यायला निघाली तेव्हा रिक्षा दारात उभी होती ना? गावाला जायच्या आधी ती काय करून ठेवायची, आठवतंय?… नाही, कुलूप नाही… नाही, नळ पण नाही.

पातेल्यात साखर आणि चहापूड घालून ठेवायची. वरून ताटली. आल्या आल्या डबे शोधायला नकोत, नुसतं पाणी ओतायचं… हो. तस्संच आहे. शेगडीवर. ताटली झाकलेली. साहेबाला कोरडं पातेलं दिसलं, ते हेच.

… नाही, मुंग्या नाहीत. बघितलं मी. रोज बघते.

तिला वाटलं असणार, संध्याकाळच्या एसटीनं येऊ परत.

… हो. म्हणून नाही पेटवली. दुसरं काही नाही.

अगं, मला कळतंय की ते पेटवायला लागणार. मी काय लहान आहे? वर्गात मुलांना शहाणपण शिकवते मी… पण फोन ठेवू नकोस. म्हणजे, तुझं बिल होईल, पण ठेवू नकोस. फोनचा दोर पोचतो शेगडीपर्यंत. आईनं लांब घेतलाय मुद्दाम, भाकरी करता करता बोलता यावं म्हणून.

थांब. ताटली काढते… आहे. साखर जरा ओली झालीय. दोघींचा आहे गं हा, बघ, तिचा आणि मावशीचा. दुपारच्या झोपेनंतर दोघी घ्यायच्या… मावशी, किती माणसं आहोत आपण? नाही, यात दुसरी पूड नका घालू. आहे त्यातच. घोट घोट येईल… रश्मी, मावशी म्हणतेय, पाणी वाढव, रंग आला की पुरे.

ओतते… ओतलं.

सिंधूबाई, काडी द्या. लायटर नाही चालत हो… विझली. दुसरी द्या.

पेटली.

… पेटली, रश्मी. दिसत नाही तुला, सांगतेय ना. निळी आहे… रडू दे. मी नाही. मला धूर… गॅसचा कुठला धूर? गप्प बस. फार हुशार आहेस.

गेल्या बाया. उठल्या आणि गेल्या आपापल्या खोलीत. मावशी तेवढी चौकटीला टेकून उभी आहे… थांब. थांब, ऐक. रिसीव्हर दाराकडे धरते हं… आलं ऐकू? पंप मारतायत स्टोव्हला. ही सिंधूबाई… ती पुढची… कोपऱ्यातली पोरं, त्यांना कधी एका दमात जमत नाही… सगळे लागले बघ आता. रॉकेलचा वास इथपर्यंत आला.

हो. हो, सगळ्या खोल्यांतून.

… काय म्हणालीस?… सही करतेस?… नाही, तू मनापासून म्हणत असशील तरच. मला बरं वाटावं म्हणून नको. मामा बोलेल, मामी तर बोलेलच… शेठना मी सांगेन. तू फक्त ये… आईची खोली? ती कुणा एकाची नाही राहणार. तसं तिनंच ठरवून ठेवलं होतं. फोन इथंच राहील, ज्याचा येईल त्याला हाक मारायची. मावशी मारेल. तिचा आवाज आहे.

न्हावऱ्यावरून येते ती एसटी पकड, दुपारच्या आत पोचशील. मुलीला घेऊन ये. इथं सांभाळायला शंभर हात आहेत… जेवून येऊ नकोस. नाही, अजिबात नको. आज आठ घरांत स्वयंपाक आहे, कुठल्या घरी जेवायचं यावरून भांडणं होतील.

आणि रश्मी, सहीला पेन आण. फोनला दोरीनं बांधलंय ते कधीचं वाळलंय, आईनं तसंच ठेवलं होतं, कुणी पळवू नये म्हणून!… हो. हो ना… ये.

ठेवते. उकळी आली.