जागा सोडली की नवं नाव

...आणि वर मलाच विचारतो, 'त्यात काय लिहायचंय?' तुम्हाला सांगते, आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारा जो आहे ना, त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, कारण तो दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलतो आणि त्यातली तीन हीच असतात. त्यानं फोटो विभागासाठी एक टूल केलं, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवायचं, नको त्या फोटोंची नावं द्या, ते पुसून टाकतं. आणि ते कसं वापरायचं हे लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात.

मी चालवलं. काही नाही. नुसता कर्सर लुकलुकतोय... मी बसले, ते बसलं, चहा आला, निवला... शेवटी उठून गेले, म्हटलं, 'अहो, तुमचं टूल अडकलंय.'

'अडकलं नाही. वाट बघतंय.'

'कुणाची?'

'नावांची. कमांडपुढे दिली नाहीत, तर स्टँडर्ड इनपुटवरून वाचतं.' म्हणजे कमांडखालच्या ओळीत आपण टाइप करू ते, नाहीतर दुसरा प्रोग्राम पुरवेल ते.

'मग हे लिहायला नको?'

'त्यात काय लिहायचंय?'

बरं, दोन नावं वेगळी कशी ओळखणार? 'जागा सोडली की नवं नाव.' आणि नावातच जागा असली तर? 'अवतरणचिन्हांत घालायचं. उघड आहे. त्यात काय...'

म्हटलं, चला फोटोवाल्या ताईंच्या टेबलाशी. आधी सगळ्या फोटोंची प्रत काढून ठेवली, मी काही वेडी नाही. म्हटलं, ताई, तो खराब फोटो पुसा बरं. ताईंनी अवतरणचिन्हं वगैरे न घालता सरळ त्याचं नाव टाइप केलं, 'लग्न धूसर', एंटर, मग 'नावं संपली' हे सांगायला कंट्रोल-डी... टूलनं वाचली दोन नावं, 'लग्न' आणि 'धूसर'. 'धूसर' नावाचं काही नव्हतंच. 'लग्न' नावाचं अख्खं फोल्डर होतं. ते गेलं, आणि खराब फोटो जागच्या जागी.

ताई शांतपणे म्हणाल्या, 'अगंबाई, लग्नच मोडलं की.'

मौनीबाबा मागे उभा राहून बघत होता. 'लिहा,' म्हणाला. 'पहिल्याच ओळीत. ठळक.'

काय सांगू तुम्हाला, त्या दिवशी मी ऑफिसात चालत नव्हते, तरंगत होते. असं लिहिलं, असं लिहिलं, की साहेबांनी छापून भिंतीवर लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनीबाबा स्वतः माझ्या टेबलाशी. चक्क हसत. 'तुमचं पटलं,' म्हणाला. 'टूलच बदललं. आता एका ओळीत एक नाव, मध्ये जागा कितीही सोडा.'

'आणि मी लिहिलेलं?'

'ते आता चुकीचं आहे.'

जिंकले हो मी, पुरती जिंकले. आता भिंतीवरचं खरवडून काढतेय.