उठून दाखव

— नाही गं बाय, ओलसर नाहीत, हात लावून बघ, कडकडीत सुकलेत बोंबील. निवांत घे. पण तुला मी ओळखलं हां! तलासरीच्या पुढे ते कॉलेजचं हॉस्पिटल आहे ना, तिथली सिस्टर तू. मग झालं तर. देवानंच धाडली तुला. मला एकच सांग — शनिवारी तिथे काय आहे? कारण हायवेवर मोठा कापडी बोर्ड लावलाय, त्यावर रविवार लिहिलाय. मोफत तपासणी, मोफत औषध, सगळ्या गावांना. आणि आम्हाला तर मोठ्या डॉक्टरांनी शनिवारी बोलावलंय. मी म्हटलं, चुकले असतील. घरवाला म्हणतो, चुकले नाहीत, शनिवारी मुंबईचे, सुरतेचे डॉक्टर जमणारेत, आपल्या पोरीला मुद्दाम त्यांना दाखवणार. आता दाखवायचं म्हणजे आपण दाखवतो तसंच ना? ताप आला, डॉक्टरला दाखवलं, त्याने गोळी दिली — तसंच ना?

ती बघ, छत्रीखाली बसलीय, आमची कल्पिता. चौथीत होती. होती म्हणजे, नाव आहे अजून शाळेत. पण पायात जोरच राहिला नाही. उठायचं झालं की आधी जमिनीवर हात टेकते, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, आपल्याच अंगावर चढत चढत उभी राहते. पहिल्यांदा नेली तेव्हा डॉक्टरांनी तिला उठायला लावलं आणि काय खूश झाले, विचारू नको! शिकणाऱ्या पोरापोरींना हाका मारून बोलावलं — उठून दाखव बाळ. परत दाखव. परत. मला वाटलं, एवढे खूश झाले म्हणजे औषध असणारच. उगाच कोण खूश होईल?

म्हणून घरी आल्यापासून मी तिच्या मागे लागले. तेल चोळते, खाटेला धरून उभी करते. हात न टेकता उठ, म्हटलं, शनिवारी सगळ्यांना छान करून दाखव. रडते, पण करते गं. परवा जमलं पण. म्हणजे — मला वाटलं जमलं. धावत डॉक्टरांना सांगायला गेले, तर म्हणतात कसे, अहो, तिला काही शिकवू नका, जशी उठते तशीच उठू दे, नाहीतर त्या बाहेरच्या डॉक्टरांना कळणार कसं? व्हिडिओ काढणारेत तिचा. मी विचारलं, आणि औषध? तर त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. वाईट नाही गं माणूस. जेवण देऊ म्हणाले, बसभाडं देऊ म्हणाले. औषधाचं बोललेच नाहीत. आता मी काय समजायचं? बरी होऊ नको, असंच सांगू का पोरीला शनिवारपर्यंत?

मग रविवारी नेते, चालेल? रविवारी तर औषध देतात ना सगळ्यांना? — डोळ्यांचं? आणि खोकल्याचं. बरं. मग पायांचं कधी असतं? असेल ना कधीतरी, पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर? अशी मान हलवू नको बाय. घरवाला म्हणतो, नाही नेली तर डॉक्टर रागावतील, पुढे दारात उभं करणार नाहीत. आणि नेली तर ते बघतील, टाळ्या वाजवतील, आणि आम्ही परत बसमध्ये बसून घरी येऊ. मला भीती वाटते गं. कोणाला सांगू? सांगितलं तर म्हणतात, नशीब तुझं, एवढे मोठे डॉक्टर बघणार.

अगं — अगं कल्पे! बस, बस खाली. बघ, तुला ओळखलं तिने. उठायला लागली. हात टेकून उठतेय बघ, डॉक्टरांनी सांगितलं तशीच. कल्पे, कोणी नाही गं सांगितलं तुला, बस माझे बाय… हे घे तुझे बोंबील, पैशाचं राहू दे, आणि जा तू आता. जा ना! तू समोर आहेस तोवर ती थांबायची नाही.